दळण आणि ओवी

समता कॉलोनीतील संध्याकाळ मोठी निवांत असते. अग्रसेन चौकाकडची वर्दळ दिवेलागणीनंतर वाढत असली तरी आतल्या गल्ल्यांतून घरोघरच्या ओट्यांवर खुर्च्या निघतात आणि आमच्यासारखी नोकरीनिमित्त येथे येऊन स्थिरावलेली माणसे चहाच्या पेल्याबरोबर दिवसभराच्या फायली विसरण्याचा प्रयत्न करतात. अशाच एका संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ आमच्याकडे आले, ते चिरंजीवांविषयीची तक्रार घेऊनच. गृहस्थ केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेबाच्या शाखेत बऱ्या हुद्द्यावर आहेत. मुलगा महाविद्यालयात शिकतो. बुद्धीने बरा, वागण्याने सरळ. परंतु रात्रीचे जेवण झाले की तो संगणकापुढे बसतो आणि कुठल्याशा कल्पित राज्यात भाला घेऊन रानडुकरे मारीत हिंडतो. "एकदा नाही, दोनदा नाही, अहो, तीच ती डुकरे शंभर शंभर वेळा!" गृहस्थ म्हणाले. "आणि एवढे करून मिळते काय, तर म्हणे लेव्हल वाढली!"

मुलगा त्यांना जेवावयास बोलावण्यासाठी मागोमाग आलाच होता. तो हसून म्हणाला, "काका, बाबांचीही लेव्हलच आहे ना? सातवरून आठवर गेले तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले होते."

उत्तर उद्धटपणाचे म्हणून सोडून देता आले असते. पण ते खरे होते. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात केंद्र सरकारच्या सर्व नोकरवर्गाची मांडणी १ पासून १८ पर्यंतच्या लेव्हलींत केलेली आहे. शिपायापासून मंत्रिमंडळ सचिवापर्यंत प्रत्येकाला त्या शिडीवर आपापली पायरी आहे. हा शब्द खेळाडूंनी आमच्याकडून घेतला नाही, की आम्ही त्यांच्याकडून घेतला नाही. परंतु तो दोहीकडे सारखाच शोभतो, हे त्या रात्री आमच्या मनात घोळत राहिले. मुलाने बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली होती. तीच ती डुकरे पुनःपुन्हा मारून पायरी वाढविण्याच्या या कंटाळवाण्या उद्योगाला खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात. ग्राइंडिंग म्हणजे शुद्ध मराठीत दळण.

हे खेळ कोणते, ते प्रथम सांगणे अवश्य आहे. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा त्यांच्याशी संबंध मुलाबाळांच्या निमित्तानेच आला असेल. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी केली आहे. त्या जुगाराशी आम्हाला येथे कर्तव्य नाही. आम्ही बोलत आहोत ते भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांविषयी. त्यांत हजारो माणसे आपापल्या घरून एकाच वेळी एका कल्पित देशात शिरतात. कोणी योद्ध्याचे सोंग घेतो, कोणी वैद्याचे, कोणी मांत्रिकाचे. त्या देशात रस्ते असतात, बाजार भरतो, युद्धे होतात. आणि आपण संगणक बंद करून झोपलो तरी तो देश झोपत नाही, दुसऱ्यांच्या वावराने जागाच राहतो.

पायऱ्या चढण्याचा खेळ आम्हा मराठी माणसांना नवा नाही. ज्या मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते, त्यात सद्गुणाच्या शिडीने वर जावयाचे आणि दुर्गुणाच्या सापाने खाली यावयाचे असते. सोंगाचा खेळही नवा नाही. एकनाथांच्या भारुडांतून कितीतरी सोंगे आली आणि त्या सोंगांच्या तोंडून गावाने आपल्याच मनीचे ऐकले. परंतु पट निराळा होता आणि सोंग निराळे होते. पटावर बसलेल्याने सोंग घ्यावयाचे नसे आणि भारूड करणाऱ्याला पायरी नसे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध झाला आणि त्यात या दोहोंची गाठ पडली. सोंगही घ्यावयाचे आणि त्या सोंगाने पायऱ्याही चढावयाच्या. पुढे १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकदम वावरावयाचे एक शब्दमय जग संगणकावर रचण्यास आरंभ केला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते पुढे वाढविले. त्या जगातही पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचलेला खेळाडू जादूगार होई आणि त्याला त्या सृष्टीवरच काही अधिकार मिळत.

१९८९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अस्पनेस याने मात्र एक विलक्षण प्रयोग केला. त्याच्या 'टायनीमड' या जगात गुण नव्हते, पायऱ्या नव्हत्या. अशा ठिकाणी कोणी कशाला येईल, असे वाटावयाचे. पण लोक आले, बोलत बसले आणि आपापल्या कल्पनेची घरे बांधू लागले. तेव्हापासून हा वाद चालू आहे. ही जगे नांदण्यासाठी आहेत की चढण्यासाठी?

बार्टल यांनी १९९६ साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि खेळाडूंचे चार वर्ग पत्त्यांच्या चार रंगांवरून पाडले. चौकट म्हणजे धन आणि पद मिळविणारे. इस्पिक म्हणजे खणून पाहणारे, ज्यांना त्या जगाचा कानाकोपरा धुंडाळावयाचा असतो. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किलवर म्हणजे हाती सोटा घेऊन दुसऱ्यांना उपद्रव देण्यात आनंद मानणारे. हे चार रंग आमच्या वाचकांनी आपापल्या कार्यालयात ताडून पाहावेत. एकही रंग कमी पडणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आता या वादात सज्जनांचा कल साहजिकच बदामाकडे जातो. माणसांची संगत श्रेष्ठ आणि पायऱ्यांचा हव्यास कनिष्ठ, हा निवाडा देण्यास फारसा विचार लागत नाही. आणि म्हणूनच आम्हाला तो अपुरा वाटतो. दळण या शब्दापाशीच थोडे थांबून पाहू.

आमच्या आज्या-पणज्या पहाटेच्या अंधारात उठून जात्याशी बसत. काम कष्टाचे, एकसुरी आणि कधी न संपणारे. आजचे पीठ आज संपावयाचे आणि उद्या पुन्हा तोच खुंटा हाती धरावयाचा. परंतु त्याच जात्यावर ओवी जन्मली. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून अशा ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठोबा, पाऊस असा कुठलाही विषय त्यांनी सोडलेला नाही. हे सारे वाङ्मय दळताना झाले, हे विसरता कामा नये. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवीत आणि एकीने सुरू केलेली ओवी दुसरी पुढे नेई. ज्या छत्तीसगढात आम्ही राहतो, तेथील खेड्यांतून भात कांडावयाच्या ढेंकीवरही असेच चाले. एकीने पायाने दांडा दाबावयाचा, दुसरीने उखळीतला भात हाताने सारावयाचा. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचा तो कष्ट वाचला. तो पुन्हा यावा, असे आम्ही म्हणणार नाही; ज्यांनी जाते ओढले त्यांपैकी कोणी तसे म्हणणार नाही. परंतु जाते थांबले आणि ओवीही थांबली, ही गोष्ट घडली खरी. काम गेले तेव्हा कामाच्या मिषाने जमणारी संगतही गेली.

हाच प्रकार त्या कल्पित देशांत घडून गेला आहे. १९९९ सालचा 'एव्हरक्वेस्ट' काय, किंवा २००४ साली निघालेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' काय, त्यांतील मोठी कामे एकट्याने होत नसत. वॉरक्राफ्टच्या आरंभीच्या काळात साठाव्या पायरीवर पोहोचल्यावर काही मोहिमांना चाळीस चाळीस जणांचा जमाव लागे. चाळीस माणसे जमवावयाची म्हणजे कोणाची तरी वाट पाहणे आले, कोणाला शिकविणे आले, कोणाचा राग शांत करणे आले. वैद्याचे सोंग घेतलेला विश्वासू खेळाडू ज्या मंडळीत असे, तिची कीर्ती होई. आणि लबाडी करून लुटीचा माल पळविणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बरोबर नेत नसे. २००९ च्या डिसेंबरात खेळाच्या चालकांनी एक सोय केली. कळ दाबली की यंत्रच चार अनोळखी सोबती गोळा करून देई. काम झपाट्याने होऊ लागले. खेळाडूंची सोय झाली, पण अनेक जुन्या खेळाडूंनी खंतही व्यक्त केली. कारण आता कोणाची वाट पाहावयास नको, कोणाशी बोलावयास नको आणि ज्याच्याशी आपण वाईट वागलो तो पुन्हा भेटण्याचा संभवही फारसा नाही. मोहीम राहिली, दळण राहिले. खुंट्यावरचा दुसरा हात तेवढा कोणाचाही चालू लागला.

म्हणून आमच्या मते विरोध दळण आणि संगत यांच्यात नाही. विरोध आहे तो दोघींच्या दळणात आणि एकटीच्या दळणात. नुसते बोलावयाचे म्हणून जमलेली माणसे लवकर पांगतात. हाताला काही काम असले, पुढे काही गाठावयाचे असले, म्हणजे बोलणे सुचते. पायरीचा उपयोग आहे तो एवढ्याचसाठी. ती आपल्याला दुसऱ्याच्या गरजेत गुंतविते तोवर ती निरुपद्रवी आहे, किंबहुना उपकारक आहे. ज्या दिवशी तिच्यासाठी दुसरा मनुष्य केवळ साधन किंवा अडथळा होतो, त्या दिवशी तिचा साप होतो.

आणि पायरीचे स्वतःचे मोल किती, तेही पाहून घ्यावे. २०२० च्या ऑक्टोबरात वॉरक्राफ्टच्या चालकांनी हिशेब सुटसुटीत करण्यासाठी सर्व पायऱ्यांचा संकोच केला. जे वर्षानुवर्षे दळून एकशेविसाव्या पायरीवर पोहोचले होते, ते एके दिवशी पन्नासाव्यावर उभे होते. कोणाचे काही चोरीस गेले नव्हते. सर्वांचे अंक सारख्याच प्रमाणात उतरले होते. परंतु अंक म्हणजेच आपण, असे ज्याने मानले असेल, त्याला त्या दिवशी स्वतःविषयी काय वाटले असेल?

येथे कोणी विचारील, की संगत संगत म्हणता, पण ती तरी खरी कशावरून? तेथे प्रत्येक जण सोंग घेऊन आलेला. याला उत्तर म्हणून एका घराची हकीकत सांगतो. नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायू क्षीण करीत नेणारा डुशेन हा असाध्य विकार त्याला जन्मतः जडला होता. चाकाच्या खुर्चीत बसून तो आयुष्याची अखेरची वर्षे बहुतांशी वॉरक्राफ्टच्या देशात घालवी. आईबापांना वाटे, आपल्या मुलाला मैत्री कळलीच नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची वार्ता दिली, आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. त्या देशात 'इबेलिन' नावाने हिंडणाऱ्या या मुलाने कोणाला दुःखात धीर दिला होता, तर कोणा आईला आपल्या मुलाशी बोलण्याची वाट दाखविली होती. अंत्यविधीला निरनिराळ्या देशांतून त्याचे सोबती आले. २०२४ साली त्याच्या जीवनावर बोलपटही निघाला. तो कितव्या पायरीवर होता, हे त्या पत्रांचा विषय नव्हते. ज्या मुलाच्या शरीराला त्याच्या जगात हात उचलणे अशक्य झाले होते, त्याने सोंग घेऊन जे केले ते खोटे म्हणावयाचे असेल, तर साहेबाच्या खुर्चीचे सोंग दिवसभर वागविणाऱ्या आम्ही आपल्या शब्दांना खरे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अर्थात आमच्या शेजाऱ्यांची काळजी निराधार आहे, असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर नादाची गणना विकारांत केली असून तिची ती सूची २०२२ च्या आरंभापासून लागू झाली आहे. झोप, अभ्यास, जेवण, घरातली माणसे ही सारी ज्यापुढे मागे पडतात, तो खेळ राहत नाही. मग त्यात सोबती कितीही असोत. शिवाय मॅट्सला जे जग एकच उरले होते, ते धडधाकट मुलाने एकमेव करावे असे नाही. वडिलांनी मुलाला हटकावे. पण हटकताना प्रश्न नेमका विचारावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तो नेमका प्रश्न आमच्यासारख्या बदलीच्या माणसांना तर फारच जवळचा आहे. बदली झाली की आमच्याबरोबर काय जाते? सेवापुस्तक जाते. त्यात आमची पायरी, आमच्या वेतनवाढी, आमच्या रजा यांची बिनचूक नोंद असते आणि ती देशभर कोठेही ग्राह्य असते. शेजार जात नाही, घरचे झाड जात नाही, जिच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी झाल्या ती संध्याकाळची बैठक जात नाही. जे बरोबर नेता येते त्यातच जीव गुंतवावा आणि जे येथेच ठेवून जावयाचे ते हात राखून करावे, असे शहाणपण हळूहळू आमच्या अंगी बाणते. दोन-तीन वर्षांत जावयाचेच आहे, तर ओळखी कशाला वाढवा; भाषा कशाला शिका; भिंतीला खिळा तरी कशाला ठोका! अशा रीतीने अठ्ठावीस-तीस वर्षे एकट्याने दळून मनुष्य निवृत्त होतो, आणि त्याच्या लेव्हलीचा अंक नावापुढे 'निवृत्त' हा शब्द लागताच गळून पडतो. मग ओव्या किती जमल्या, हे पाहावयास गेले तर हाताशी काही लागत नाही. आमच्या ओळखीतल्या किती जणांची ही स्थिती झालेली आम्ही पाहिली आहे. आमची स्वतःची होणार नाही, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही.

याच्या उलट गोष्टही त्या कल्पित देशांच्या इतिहासातच सापडते. 'उरू' नावाचा एक खेळ होता. त्यात लढाया नव्हत्या, पायऱ्या नव्हत्या. एक प्राचीन नगरी मिळून उलगडावयाची असे. २००४ च्या फेब्रुवारीत, सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच, चालकांनी त्याचे ऑनलाइन जग बंद केले. नगरी नाहीशी झाली. तेथील रहिवासी मात्र नाहीसे झाले नाहीत. स्वतःला निर्वासित म्हणवीत ते 'देअर' आणि 'सेकंड लाइफ' या दुसऱ्यांच्या जगांत गेले आणि तेथे आपल्या हरवलेल्या नगरीच्या धर्तीवर वास्तू उभारून पुन्हा एकत्र राहू लागले. सीलिया पिअर्स या विदुषीने त्यांच्यात वावरून त्यांच्यावर २००९ साली ग्रंथच प्रसिद्ध केला. तो वृत्तांत वाचताना आम्हाला शेजारच्या चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ आठवले. १९५६ पर्यंत हे रायपूर नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. मग भोपाळच्या राज्यात गेले. २००० च्या १ नोव्हेंबरला स्वतःच राजधानी झाले. राज्यांच्या सीमा सरकल्या, कार्यालये हलली, साहेब आले आणि गेले; पण गणपती बसतच राहिला, नाटकाच्या तालमी होतच राहिल्या. सतरंज्या घालण्याचे, पानसुपारीचे, वर्गणी गोळा करण्याचे ते कामही एक दळणच आहे. त्याची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होत नाही, आणि बदलीचा हुकूम आलेल्या माणसाला निरोप द्यावयास स्टेशनवर येतात ती मात्र त्याच दळणातली माणसे.

तेव्हा खेळाची असो वा नोकरीची असो, पायरीने कोणी लाजू नये आणि तिचा तिरस्कारही करू नये. घर तिच्यावर चालते, कामातले कौशल्य तिच्या ओढीने वाढते. फक्त मधूनमधून स्वतःला विचारावे, की चार दिवस मी आलो नाही, तर माझी जागा रिकामी दिसेल ती कोणाला?

हाच प्रश्न आम्ही पुढे एकदा शेजाऱ्यांच्या मुलाला, त्याच्या वडिलांदेखत, विचारला. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "काका, मला ताप आला होता ना, तेव्हा दोन दिवस गेलो नाही. गुवाहाटीची एक ताई आहे आमच्यात, बँकेच्या परीक्षेला बसते आहे ती. तिने लगेच विचारले. कोचीच्या एका काकांनीही." वडील काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने ते आम्हाला म्हणाले, "आई गेली तेव्हा मी बारा दिवस रजेवर होतो. परत गेलो, तर टेबलावर फायली तेवढ्या वाढलेल्या."

त्यानंतर महिनाभराने आम्ही त्यांच्याकडे जेवावयास गेलो होतो. मुलगा अजून खेळतो. अकरानंतर संगणक बंद करावयाचा, असे दोघांत ठरले आहे. ताटे मांडली जात असताना वडिलांनी त्याला हाक मारली. लेव्हल कितवी झाली, हे त्यांनी विचारले नाही.

"अरे," ते म्हणाले, "त्या गुवाहाटीच्या मुलीचा निकाल लागला का?"